अपस्माराच्या संशोधनाला देणगीचे बळ

विशेष प्रतिनिधी

अपस्मार, म्हणजेच फिट येण्याचा विकार, जगभरात सुमारे पाच कोटी लोकांना असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. योग्य औषधोपचार मिळाल्यास यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटपासून मुक्त राहू शकतात. उरलेल्यांसाठी वेगळे उपाय शोधावे लागतात. औषध कंपन्या प्रामुख्याने पेटंट मिळू शकेल अशा औषधांवर पैसा लावतात. ज्या उपचाराचे पेटंटच घेता येत नाही, त्याची शास्त्रीय कसोटी कोणाच्या पैशाने घ्यायची? 'कीटोजेनिक आहारा'च्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर देणगीदारांनी दिले.

मागे पडलेला उपचार

या आहारात स्निग्ध पदार्थ भरपूर, प्रथिने मोजकी आणि पिष्टमय पदार्थ अत्यल्प असतात. त्यामुळे शरीर साखरेऐवजी चरबीपासून ऊर्जा मिळवू लागते आणि उपवासात होते त्याप्रमाणे रक्तातील कीटोन द्रव्ये वाढतात. उपवासाने फिट कमी होतात, हे निरीक्षण जुनेच. त्याच्या आधारे अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये हा आहार सुचवला. मात्र १९३८ मध्ये फेनिटॉइन हे औषध आले आणि प्रत्येक घास तोलून देण्यापेक्षा गोळी सोयीची ठरली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्ससारख्या मोजक्या रुग्णालयांतच तो टिकून राहिला.

चार्ली फाउंडेशन

हॉलिवूडचे दिग्दर्शक जिम अब्राहम्स यांचा मुलगा चार्ली याला १९९३ मध्ये फिट येऊ लागल्या. औषधे आणि मेंदूवरील शस्त्रक्रियाही निष्फळ ठरली. अब्राहम्स यांना ग्रंथालयात वाचन करताना या आहाराची माहिती मिळाली. जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. जॉन फ्रीमन यांच्या देखरेखीखाली तो सुरू केल्यावर चार्लीच्या फिट थांबल्या. १९९४ मध्ये अब्राहम्स यांनी 'चार्ली फाउंडेशन' स्थापन केले.

एका मुलाला गुण आला म्हणून उपचार सिद्ध होत नाही. त्यामुळे संस्थेने प्रसाराबरोबरच संशोधनालाही निधी दिला. अमेरिकेतील सात केंद्रांतील ५१ मुलांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि वैद्यकीय जगताचे लक्ष या आहाराकडे पुन्हा वळले.

कसोटी आणि मर्यादा

अधिक काटेकोर चाचणी लंडनमध्ये झाली. तिच्या अर्थसाहाय्यात एचएसए चॅरिटेबल ट्रस्ट या धर्मादाय न्यासाचा वाटा होता. औषधांना दाद न देणाऱ्या १४५ मुलांचे दोन गट करण्यात आले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, तीन महिन्यांनंतर आहार घेणाऱ्या गटातील ३८ टक्के मुलांच्या फिट निम्म्याहून अधिक घटल्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण ६ टक्के होते. भारतात दिल्लीच्या 'एम्स'मधील डॉक्टरांनी याच आहाराच्या काहीशा शिथिल प्रकाराची चाचणी घेतली. तिचे अनुकूल निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

हा आहार म्हणजे घरगुती तोडगा नव्हे. मूतखडा, बद्धकोष्ठता, वाढ खुंटणे असे दुष्परिणाम संभवतात. म्हणून तो मेंदूविकारतज्ज्ञ व आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावा लागतो. लंडनच्या चाचणीतील बहुसंख्य मुलांना अपेक्षित गुण आला नाही, हेही विसरून चालणार नाही. परंतु गुण किती जणांना येतो आणि किती जणांना येत नाही, हे आज पालकांना आकड्यांत सांगता येते. संशोधनाला दिलेल्या देणगीचे खरे फलित हेच होय.