गुरुवारचा निवाडा

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर वालेन्सिया प्रांत आहे. पाऊस बेताचा, तरी भात आणि संत्री पिकतात, ती पाटाच्या पाण्यावर. पाटाला तिथे ‘सेकिया’ म्हणतात. मूळ अरबी ‘साकिया’. गझलेतला ‘साकी’ त्याच धातूचा. १२३८ मध्ये राजा जाउमेने शहर जिंकले, पण पाणीवाटपाची जुनी रीत मोडली नाही. १६०९ मध्ये मात्र प्रांतातल्या मुस्लिम वंशाच्या लोकांना, बाप्तिस्मा घेतलेला असूनही, जहाजांत घालून आफ्रिकेकडे धाडले. गावे ओस पडली. आजही दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दाराशी शेतकऱ्यांनी निवडलेले पंच पाण्याचे तंटे तोंडी मिटवतात. एकेका सेकियाच्या नावाने पुकारा होतो. माणसे घालवली, त्यांचा शब्द त्या दाराशी राहिला.