धुराड्याचा हिशेब

मंडळी, परळी वैजनाथच्या दर्शनाला गेलात म्हणजे तिथली उंच धुराडी दिसतातच. 1971 साली तिथे 30 मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला आणि आपल्या बीड जिल्ह्यात कोळशावर वीज होऊ लागली. त्या विजेचे उपकार कोण नाकारील?

पण उपकाराचाही हिशेब ठेवावा लागतो, बरं का. वाफ पाण्याची होते, आणि ती थंड करायलाही पाणीच लागते. 2013 च्या फेब्रुवारीत दुष्काळाने पाणी आटले आणि परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले. 2015 साली पुन्हा तीच पाळी आली.

दुसरी बाजू पाहा. एक टन कोळसा जळला की त्याहूनही जास्त वजनाचा कार्बन वायू तयार होतो. कारण जळताना हवेतला प्राणवायू त्यात मिसळतो. हा वायू पृथ्वीची ऊब अडवून धरतो. एका दुष्काळाचे खापर एका धुराड्यावर फोडू नये हे खरे, पण जगातल्या साऱ्या धुराड्यांचा वाटा मोजावा तर लागेलच.

मग जाब विचारायचा कुणी? इथे डहाणूची हकीकत सांगतो. चिकूच्या बागांचा आणि वारली वस्तीचा हा मुलूख. तिथे 500 मेगावॅटचे कोळशाचे केंद्र यायचे ठरले, तेव्हा काही नागरिक न्यायालयात गेले. उच्च न्यायालयात हरले. 1991 साली सर्वोच्च न्यायालयानेही केंद्र थांबवले नाही. पण धुरातला गंधकाचा वायू धुऊन काढणारे यंत्र बसवण्याची अट कागदावर आली. त्याच वर्षी 20 जूनला केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवला. 1996 साली न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमले गेले. नागरिकांनी पाठ सोडली नाही, प्राधिकरणानेही अट विसरू दिली नाही. अखेर 2007 साली यंत्र चालू झाले.

सोळा वर्षे लागली! हरलेल्या खटल्यातली एक ओळ लोकांनी सोळा वर्षे जपली, म्हणून ती फळाला आली. त्या यंत्राने गंधक धुतला जातो, कार्बन नव्हे. तेवढे काम अजून उरलेच आहे.

गुरुजी, यात तुमच्या वर्गासाठीही धडा आहे. परळीचे केंद्र सरकारी कंपनीचे आहे आणि 2005 पासून माहितीच्या अधिकाराचा कायदा आपल्या हाती आहे. कोळसा किती जळला, पाणी किती लागले, राख कुठे गेली, हे साध्या अर्जाने विचारता येते. आलेले उत्तर ग्रामसभेत मोठ्याने वाचा आणि जपून ठेवा. धूर वाऱ्यावर जातो. कागद मात्र राहतो.