काश्मिरी गालिचा

काश्मिरी गालिचा : श्रीनगर शहरात व काश्मीर खोऱ्यातील गावांत उभ्या मागावर हाताने गाठी मारून विणला जाणारा लवदार गालिचा. स्थानिक बोलीत या विणकामाला ‘कालबाफी’ म्हणतात. सोलापुरी जमखान्यात किंवा सतरंजीत ताणा आणि बाणा यांच्या गुंफणीतूनच नक्षी उमटते. गालिच्यात ताणा-बाणा हा केवळ पाया असतो व नक्षी त्यावर मारलेल्या रंगीत गाठींची असते. गाठींची कापलेली टोके उभी राहून दाट लव तयार होते. अशा गाठी इराण, तुर्कस्तान आणि उत्तर प्रदेशातील भदोही-मिर्झापूर भागातही मारल्या जातात. काश्मिरी विणकर मात्र नक्षीचे चित्र समोर ठेवत नाही. ‘तालीम’ नावाच्या सांकेतिक लिपीतील मजकूर वाचून तो विणतो.

इतिहास : परंपरेनुसार सुलतान झैन-उल-आबिदीन (कारकीर्द १४२०–७०) याने इराण व मध्य आशियातून कारागीर आणवून ही कला खोऱ्यात रुजवली. पुढे ती मागे पडली आणि जहांगीरच्या काळात पुन्हा सुरू झाली, असे सांगितले जाते. आजच्या धंद्याचा पाया एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घातला गेला, तो शालींच्या पडझडीतून. फ्रान्स हे काश्मिरी शालींचे मोठे गिऱ्हाईक होते. १८७०–७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर आणि युरोपातील फॅशन पालटल्यावर ती मागणी आटली. १८७७–७९ च्या दुष्काळाने विणकरांची उरलीसुरली घडी मोडली. याच सुमारास युरोपीय व्यापाऱ्यांनी श्रीनगरात गालिच्यांचे कारखाने काढले. बेकार झालेले शालविणकर तेथे आले आणि येताना कानी शालींसाठी वापरली जाणारी तालीमही घेऊन आले. काश्मिरी विणकरांच्या स्थलांतरामुळे ही पद्धत अमृतसरलाही पोहोचली होती.

तालीम : नक्काश प्रथम आलेखकागदावर नक्षी काढतो. कागदावरील प्रत्येक चौकोन म्हणजे एक गाठ. त्यानंतर तालीम लिहिणारा जाणकार त्या चित्राचे ओळीओळीने चिन्हांत रूपांतर करतो. काही चिन्हे रंगाची, तर काही गाठींच्या संख्येची असतात. त्यामुळे एका जोडचिन्हात ‘लाल तीन’, ‘पांढरी एक’ अशी सूचना मावते. चारही कोपरे सारखे असलेल्या नक्षीत बहुधा एक चतुर्थांश भागाचीच तालीम लिहितात. उरलेला भाग ती उलटसुलट वाचून विणला जातो. तालमीच्या अरुंद पट्ट्या मागावरील ताण्यात, विणकराच्या नजरेसमोर अडकवलेल्या असतात.

मोठ्या कारखान्यांत पूर्वी उस्ताद तालीम सुरात वाचून दाखवी आणि मागावर ओळीने बसलेले विणकर सूचना पुरी होताच तिला आवाजाने दुजोरा देत. त्यामुळे रुंद गालिच्यावर अनेक हात एकाच चालीने काम करू शकत. आता लहान मागावर विणकर स्वतःच तालीम वाचतो. या पद्धतीचे दोन परिणाम झाले. जपून ठेवलेल्या तालमीवरून तीच नक्षी वर्षांनंतर, वेगळ्या विणकरांकडूनही हुबेहूब विणून घेता येते. दुसरे म्हणजे, नक्षी रचणे आणि ती विणणे ही कामे कायमची वेगळी झाली. विणकराला चिन्हे वाचता आली की पुरते; सबंध नक्षी त्याच्या डोळ्यांपुढे असावी लागत नाही.

माग व कच्चा माल : माग उभा असतो. त्याला वर व खाली एकेक आडवा लाकडी रूळ असतो आणि त्यांच्यामध्ये ताणा ताणून बसवतात. ताणा सुती किंवा रेशमी, तर लव रेशमी किंवा लोकरी असते. रेशमी ताण्यावर रेशमी लव हा सर्वांत महाग प्रकार. बारीक रेशमी धाग्यामुळे गाठी दाट बसतात व नक्षीतील वळणे रेखीव येतात. पूर्वी वनस्पतिजन्य रंग वापरत; आता बहुतेक सूत रासायनिक रंगांनी रंगवतात.

विणकाम : सुरुवातीला काही इंच साधी वीण घालून काठ पक्का करतात. मग गाठींची पहिली ओळ सुरू होते. येथील गाठ फारसी पद्धतीची असते. तिच्यात रंगीत धागा ताण्याच्या एका सुताभोवती पूर्ण वळसा घेतो आणि शेजारच्या सुताच्या केवळ मागून जातो. तुर्की गाठीत तो दोन्ही सुतांना वळसा घालून मधून बाहेर येतो. फारसी गाठ कमी जागा व्यापत असल्याने नाजूक नक्षीला सोयीची पडते. प्रत्येक गाठ मारताच धागा सुरीने कापतात. ओळ पुरी झाली की बाण्याचे धागे आडवे घालून पंजा नावाच्या जड, दातेरी हत्याराने ती ओळ खाली ठोकून बसवतात आणि वाढलेली लव कात्रीने छाटतात. लव एकाच दिशेला झुकत असल्याने तयार गालिचा एका टोकाकडून फिका आणि दुसऱ्या टोकाकडून गडद दिसतो. मागावरून उतरवल्यावर लव समतल कापणे, धुणे, वाळवणे, ताणून आकारात आणणे आणि दशा बांधणे ही कामे वेगळे कारागीर करतात.

दर्जा : प्रतवारी मुख्यतः एका चौरस इंचातील गाठींवरून ठरते. ‘१८ × १८’ म्हणजे ३२४, तर ‘३० × ३०’ म्हणजे ९०० गाठी. एका गाठीला ताण्याची दोन सुते लागत असल्याने पहिल्या प्रकारात इंचाला ३६ सुते असतात. याच विणीच्या ६ × ९ फुटी गालिच्यात २५ लाखांहून अधिक गाठी बसतात. सराईत विणकर दिवसाला सुमारे ८,००० गाठी मारतो असे धरले, तर दोघांना पाच महिन्यांहून अधिक काळ रोज मागावर बसावे लागेल. ३० × ३० च्या विणीत हे काम जवळजवळ तिपटीने वाढते.

हातगाठीचा गालिचा ओळखण्यासाठी तो उलटा करावा. मागील बाजूस नक्षी स्पष्ट दिसते आणि गाठी मोजता येतात. दशा म्हणजे ताण्याचीच टोके असतात. यंत्राच्या पिस्तुलाने लव टोचलेल्या ‘टफ्टेड’ गालिच्याच्या पाठीला कापड चिकटवलेले असते व दशा बहुधा वरून शिवलेल्या असतात.

नक्षी : काशान, किरमान, तब्रीझ, कुम या इराणी शहरांच्या शैलींचा प्रभाव ठळक आहे. मध्यभागी पदक व कोपऱ्यांत त्याचे चतुर्थांश, जीवनवृक्ष, वेलबुट्टी, कोयरी हे नेहमीचे नमुने. चिनाराचे पान ही स्थानिक भर.

सद्यस्थिती : १९८६ च्या बालमजुरीविषयक कायद्याने गालिचे विणण्याच्या कामात मुलांना लावण्यास बंदी घातली. काश्मिरी हातगाठीच्या गालिच्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२२ पासून मानांकित गालिच्यांवर क्यूआर कोड असलेली चिठ्ठी लावण्यास सुरुवात झाली. श्रीनगरच्या भारतीय गालिचा तंत्रज्ञान संस्थेत नक्षी व तालीम संगणकावर तयार करण्याचे काम चालते. हाताने लिहिण्यास पूर्वी दीर्घ काळ घेणारी तालीम त्यामुळे लवकर हाती येते. गाठ मारण्याचा वेग मात्र बदललेला नाही. मजुरी केलेल्या कामाच्या प्रमाणात मिळते, आणि गालिच्याच्या किमतीचा मोठा भाग मध्यस्थ व निर्यातदार यांच्याकडे जातो. बांधकामावरील रोजंदारीहूनही कमी मिळकत होत असल्याने अनेक विणकरांनी माग सोडले असून विणकरांची पुढची पिढी या कामात क्वचितच येते. जुन्या तालमी जपल्या गेल्या, तरी त्या वाचून गाठी मारणारे हात टिकवणे हा या धंद्यापुढील मुख्य प्रश्न आहे.