मातीचे पाखरू

ग्वाल्हेरला सिटी सेंटरमध्ये उतरलो होतो. तिथून जयविलास राजवाडा पाहायला गेलो. पेंढा भरलेले वाघ पाहताना आमच्या आजोबांची दुनळी आठवली. (माधवराव शिंद्यांनी तर वाघाच्या शिकारीवर पुस्तकच लिहिले होते!) आजोबांना रानडुकरापेक्षा नेम साधल्याचा आनंद मोठा, हवेत करवंट्या फेकायला लावून ते त्या उडवायचे.

नेमाचा हा आनंद रक्तापासून सोडवला तो अमेरिकेतल्या जॉर्ज लिगोव्स्कीने. १८८० साली त्याने जिवंत कबुतराच्या जागी मातीची उडती बशी आणली. आपल्याकडे बिकानेरच्या करणीसिंगांनी अशाच बशा फोडून १९६२च्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. १९७२च्या कायद्याने शिकारीला लगाम घातला, तरी छऱ्यांची बंदूक बशीमागे मोकळी राहिली.

आजच्या बशीत माती नसते, चुनखडीची पूड नि डांबर असते. रुंदी ११ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ आजोबांच्या करवंटीएवढीच.