लसीला ‘नको’ म्हणणारे आईबाप: दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट

बाळाला लस द्यायची की नाही, यावरून फॅमिली ग्रुपवर भांडणं होतात ना? हा वाद लसीइतकाच जुना आहे. आज तोच बघू.

आधी रोग. देवी झालेल्या दहातले साधारण तीन जण मरायचे. वाचलेल्यांच्या चेहऱ्यावर वण, कधीकधी डोळेच जायचे. 1796 मध्ये एडवर्ड जेन्नरने दाखवलं की गायीच्या देवीची लस टोचली की माणसाची देवी टळते. पण ती साठवायची कशी? फ्रीज तर नव्हता. मग उपाय काय, तर मुलं! एका मुलाला टोचायचं, आठवड्याने फोड भरला की त्यातलं पाणी काढून पुढच्या मुलाला. म्हणजे प्रत्येक मूल एक सर्व्हर. साखळी तुटली की डेटा गेला.

बगदाद, बसरा करत लस मुंबईत आली. 14 जून 1802 ला ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. भारतातली ही पहिली लस. पुढच्या आठवड्यात तिच्या फोडातून पाच मुलांना, आणि मग हैदराबाद, मद्रासपर्यंत.

आता आईबापांच्या जागी उभे राहा. ज्या मुलाच्या फोडातलं पाणी आपल्या बाळाच्या अंगात जाणार, ते कुणाचं? त्याला काय आजार? आठवड्याने तोच माणूस परत येणार आणि आपल्या रडणाऱ्या बाळाचा फोड उघडणार. त्यात देवीचा कोप होईल ही धास्ती, आणि जातीचा विटाळही. यातलं बरंच चुकीचं होतं, पण सगळं नाही. 1861 मध्ये इटलीतल्या रिवाल्टा गावात अशा टोचण्यातून अनेक मुलांना सिफिलिस झाला होता.

ही भीती फक्त आपल्याकडे नव्हती. इंग्लंडमध्ये 1853 पासून बाळांना लस सक्तीची होती, न दिल्यास दंड. 1885 मध्ये लेस्टर शहरात हजारो लोकांनी त्याविरुद्ध मोर्चा काढला. शेवटी 1898 च्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. मनापासून विरोध असलेल्या पालकांना सूट दिली, आणि मुलाकडून मुलाला टोचणं बंद करून वासरावर तयार केलेली लस आणली.

मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. परक्या मुलाचा रोग आपल्या बाळाला लागेल, ही भीती दंडाने गेली नाही. पद्धत बदलली तेव्हा तिचं कारणच संपलं. पण मधल्या काळात लस न घेतलेली मुलं देवीने दगावत होती, हेही विसरू नका. थांबण्याची किंमत बाळं मोजत होती.

भारतात देवीचा शेवटचा रुग्ण 1975 मध्ये सापडला, तोही लसीकरणामुळेच. त्यामुळे ग्रुपवर कुणी ‘साइड इफेक्टचं काय?’ विचारलं तर लगेच अडाणी म्हणू नका. नेमकी कशाची भीती वाटते ते विचारा, आणि तो प्रश्न घेऊन त्यांच्यासोबत डॉक्टरकडे जा. बाळाची तारीख मात्र चुकवू नका.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!