जमा आणि नावे : महाराष्ट्रातील अक्षय ऊर्जेचा हिशेब

नागपुरातील इतवारी ही नावावरूनच आठवडी बाजाराची खूण सांगणारी पेठ. बुधवारी, शुक्रवारी ह्या शहरातल्या इतर नावांतही बाजाराचा वार तसाच टिकून आहे. कापड, धान्य, किराणा आणि सराफी ह्यांवर वाढलेल्या अशा पेठेची खरी भाषा वहीखात्याची. त्या भाषेत कोणताही व्यवहार एकतर्फी नसतो. एकाच्या खाती रक्कम जमा झाली, की ती दुसऱ्या कोणाच्या तरी नावे पडतेच. अक्षय ऊर्जेच्या धोरणांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात जमेची बाजू ठळक असते : इतके मेगावॅट, इतके पंप, इतकी छपरे. ही रक्कम कोणाच्या नावे पडली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांची ही वही त्या दुसऱ्या बाजूने वाचायची आहे.

आधी शब्दांविषयी. केंद्र सरकारने १९८२ साली ह्या ऊर्जेसाठी वेगळा विभाग काढला तेव्हा तिला 'अपारंपरिक' म्हटले. १९९२ साली त्या विभागाचे मंत्रालय झाले, तरी विशेषण तेच राहिले. २००६ साली ते बदलून 'नवीन आणि नवीकरणीय' असे झाले. वास्तविक वारा, पाणी आणि ऊन ह्यांच्याइतके पारंपरिक काय आहे? परंतु शासनाच्या दृष्टीने परंपरा म्हणजे कोळसा, आणि जे परंपरेबाहेरचे त्याला स्वतंत्र सवलत, स्वतंत्र निधी आणि स्वतंत्र अर्ज. ह्या शब्दांतच धोरणाचा स्वभाव दिसतो.

ह्या ऊर्जेचे अर्थकारणही निराळे आहे. कोळशाच्या वीजघराला रोज कोळसा विकत घ्यावा लागतो, म्हणून त्याचा खर्च आयुष्यभर विभागला जातो. ऊन आणि वारा फुकट, पण यंत्रसामग्रीचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी. म्हणून ही वीज स्वस्त की महाग, हे उन्हापेक्षा व्याजाच्या दरावर अधिक अवलंबून असते. भांडवल महाग असलेल्या आपल्यासारख्या देशात 'पैसा कोण आणि कशाच्या भरवशावर देणार' हा प्रश्न म्हणूनच तंत्रज्ञानाच्या आधी येतो.

ह्या प्रश्नाचे आपल्याकडील पहिले मोठे उत्तर खोपोलीला मिळाले. इतवारीपासून दूर नसलेल्या एम्प्रेस मिलमध्ये १८७७ पासून जमशेटजी टाटांनी गिरणी चालवून दाखवली होती. मुंबईच्या गिरण्या घाटातल्या पाण्याच्या विजेवर चालवायच्या, ही त्यांची कल्पना त्यांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १९०४ नंतर, आकाराला आली. लंडनच्या बाजारात मनाजोगे भांडवल मिळेना, तेव्हा १९१० साली ही कंपनी येथल्याच पैशावर, संस्थानिक आणि मुंबईचे धनिक ह्यांच्या बळावर उभी राहिली. १९१५ साली वीज मुंबईला पोचली. कापडगिरण्या हे तिचे बांधील गिऱ्हाईक. आज ज्याला वीजखरेदी करार म्हणतात, त्याचे हे पूर्वरूपच. परकीय सत्तेखाली स्वदेशी भांडवलाने साधलेली ही गोष्ट लहान नव्हती, हे मान्यच करायला हवे.

पण वहीचे दुसरे पान लगेच मुळशीला उघडते. नीळा आणि मुळा ह्यांच्या खोऱ्यातील पुढच्या धरणासाठी सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार देऊन कंपनीला जमीन मिळवून दिली. पन्नासाहून अधिक गावांच्या भातजमिनींवर संकट आले. १९२१ ते १९२४ ह्या काळात मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले ते ह्याच लढ्यात. राजेंद्र व्होरा ह्यांनी ह्या सत्याग्रहाचा अभ्यास करताना एका मर्माच्या गोष्टीकडे लक्ष वेधले आहे. पुष्कळ जमिनींवरचा हक्क कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे होता, आणि कसणारा दुसराच होता. भरपाईची भाषा सुरू झाली तेव्हा ह्या दोघांचे हित एक राहिले नाही. कागदावर ज्याचे नाव त्याला मोबदला, ज्याचा घाम त्याला स्थलांतर. ह्या पुढच्या सर्व पानांवर हीच नोंद वेगवेगळ्या अक्षरांत पुन्हा दिसते.

स्वातंत्र्यानंतर भांडवलदाराची जागा राज्याने घेतली. १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली आणि महाराष्ट्राच्या कारखानदारीला आधार मिळाला. विस्थापित मात्र पुढे अनेक दशके पुनर्वसनासाठी झगडत राहिले.

पवनचक्क्यांच्या वेळी राज्याने खजिन्यातून थेट पैसा दिला नाही, तर करावरचा हक्क सोडला. यंत्रावर पहिल्याच वर्षी मोठा घसारा दाखवून प्राप्तिकर वाचवण्याची मुभा केंद्राने दिली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्राने विक्रीकरातील सवलत जोडली. साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या ह्याच काळात. नोव्हेंबर २००३ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने पवनविजेला पहिल्या वर्षी युनिटमागे ३ रुपये ५० पैसे आणि पुढे दरवर्षी १५ पैशांची वाढ, असा तेरा वर्षांचा दर ठरवून दिला. ह्यामुळे कर्ज देणाऱ्याला भरवसा आला. परंतु घसाऱ्याची सवलत यंत्र उभारण्यासाठी होती, वीज निर्माण करण्यासाठी नव्हे. शिवाय तिचा लाभ घेण्यासाठी वाचवण्याजोगा कर असावा लागतो. म्हणजे आधीच नफ्यात असलेली कंपनी हवी. पठारावरच्या शेतकऱ्याला ही सवलत वापरताच येत नव्हती. निर्मितीवर आधारित प्रोत्साहन, युनिटमागे ५० पैसे, हे यायला २००९ उजाडावे लागले. जर्मनीने २००० सालच्या कायद्याने ठरलेला दर कोणत्याही उत्पादकाला, अगदी गावकऱ्यांच्या सहकारी गटालाही, खुला केला आणि त्याचा भार वीजग्राहकांवर उघडपणे टाकला. सहकाराचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्रात पवनचक्की मात्र सहकाराच्या वाटेने गेली नाही, हे नोंदवण्याजोगे आहे.

नागपूरचा ह्या हिशेबाशी संबंध सर्वांत जवळून येतो तो कोळशाच्या निमित्ताने. वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय नागपुरात. शहराच्या उत्तरेला कोराडीचे वीजघर १९७४ पासून, आणि पलीकडे खापरखेडा. वीज राज्यभर जाते, राख येथे राहते; २०२२ च्या पावसाळ्यात कोराडीच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला तेव्हा ती शेतांत आणि नाल्यांत पसरली. ह्या कोळशावर २०१० साली केंद्राने टनामागे ५० रुपये उपकर बसवला. तो वाढत २०१६ साली ४०० रुपये झाला. घाण करणाऱ्याने स्वच्छतेचा खर्च द्यावा, ह्या न्यायाने त्यातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभा राहायचा होता. २०१७-१८ पर्यंत सुमारे ८६,४४० कोटी रुपये गोळा झाले. निधीकडे वळले सुमारे २९,६४५ कोटी आणि प्रकल्पांवर लागले सुमारे १५,९११ कोटी. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर राज्यांना महसुलाची भरपाई देण्यासाठी वापरला जाऊ लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो रद्द होऊन कोळशावरचा कर ५ वरून १८ टक्के झाला. रक्कम एका खात्यावर घेतली आणि दुसऱ्यातच खर्ची पडली. इतवारीतल्या मुनिमाने असे केले असते, तर दिवाळीला वहीपूजनाआधीच त्याला जाब द्यावा लागला असता.

आता धोरण छपरावर आले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट व त्यावरील घरगुती यंत्रणेला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि तिच्या अंमलबजावणीत नागपूर जिल्हा राज्यात आघाडीवर राहिला आहे. मध्यमवर्गीय घराचे वीजबिल खरोखरच उतरते, हे श्रेय योजनेला द्यावेच लागेल. तथापि अट आहे ती स्वतःच्या छपराची. नव्या ले-आउटमधल्या बंगल्याला ती सोपी. इतवारीच्या दाटीत, एका वाड्याचे अनेक वाटेकरी, खाली भाड्याची दुकाने आणि वर भाडेकरू, तेथे छप्पर नेमके कोणाचे? मुळशीचा कसणारा आणि येथला भाडेकरू ह्यांची दुःखे एका मापाची नाहीत. पण धोरण दोघांना एकाच कारणाने पाहू शकत नाही. दोघांचेही नाव कागदावर नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खाजगी जमिनीला हेक्टरी वार्षिक १,२५,००० रुपये भाडे मिळते, तेही सातबाऱ्यावरच्या नावाला. त्याच योजनेत गायरान दिले जाते, तेव्हा तेथे गुरे चारणाऱ्याचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नसते.

ह्यावरून अक्षय ऊर्जा नको, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. कोराडीची राख ज्यांच्या अंगणात पडते, त्यांना तिची गरज सर्वांत अधिक आहे. प्रश्न नोंद ठेवण्याचा आहे. शंभर वर्षांत भांडवल उभारण्याचे मार्ग बदलले : भागभांडवल, शासकीय निधी, करसवलत, उपकर, अनुदान. खर्च सोसणाऱ्याला खातेदार मानण्याची रीत मात्र अजून पडलेली नाही. भाडेकरूला सामायिक सौर यंत्रणेत हिस्सा, गुराख्याला गायरानाच्या भाड्यात वाटा, राख सोसणाऱ्या गावाला कोळशावरील करातून ठरलेला भाग, ह्या तीन नोंदी करता आल्या, तरी नावे पडलेल्यांच्या खाती प्रथमच काही जमा होईल.