चौकपूर्व इशारा चिन्हे

चौकपूर्व इशारा चिन्हे म्हणजे पुढे चौक, तिठा, फाटा किंवा गोल चौक येत असल्याची आगाऊ सूचना वाहनचालकाला देणारी वाहतूक चिन्हे होत. भारतात ती सावधानतेच्या चिन्हांच्या वर्गात मोडतात. टोक वर असलेला समभुज त्रिकोण, पांढरी पार्श्वभूमी, लाल किनार आणि काळी आकृती असे त्यांचे स्वरूप असते. आकृतीत चौकाची रचनाच संक्षेपाने रेखाटलेली असल्यामुळे ती समजण्यासाठी अक्षरओळख आवश्यक नसते. या चिन्हांमागे आदेशाची सक्ती नसते. त्यामुळे योग्य चिन्हाची निवड, त्याचे चौकापासूनचे अंतर आणि त्याची दृश्यता यांवर त्यांची परिणामकारकता अवलंबून असते.

इतिहास

मोटारींच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीसंबंधी पॅरिस येथे १९०९ मध्ये झालेल्या करारात धोक्याची चार चिन्हे निश्चित करण्यात आली. ओबडधोबड रस्ता, वळण, रेल्वे फाटक आणि चौक ही ती चार चिन्हे होत. म्हणजेच चौकाचा इशारा हा आंतरराष्ट्रीय मान्यता मिळालेल्या सर्वांत जुन्या वाहतूक चिन्हांपैकी एक आहे. धोक्याच्या चिन्हांसाठी त्रिकोणी आकार १९२६ च्या पॅरिस करारात स्वीकारला गेला. १९६८ च्या व्हिएन्ना करारात या चिन्हांची अधिक तपशीलवार मांडणी झाली. भारत या करारात १९८० मध्ये सहभागी झाला. अमेरिकेत मात्र अशा इशाऱ्यांसाठी पिवळा, कर्णावर उभा केलेला चौरस वापरतात.

भारतात रस्तेविषयक मानके इंडियन रोड्स काँग्रेस ही १९३४ मध्ये स्थापन झालेली संस्था प्रसिद्ध करते. वाहतूक चिन्हांसंबंधीची तिची संहिता ‘आयआरसी:६७’ या नावाने ओळखली जाते. ही संहिता १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे २००१, २०१२ आणि २०२२ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या.

कायदेशीर आधार

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११६ नुसार वाहतूक चिन्हे उभारण्याचा अधिकार राज्य शासनाला किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेला आहे. वाहतूक चिन्ह झाकणारी जाहिरात किंवा फलक हटवण्याची तरतूदही याच कलमात आहे. एखाद्याच्या हातून अपघाताने चिन्ह निकामी झाल्यास त्याने २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

कलम ११९ नुसार चालकाने पालन करावयाची चिन्हे ही सक्तीची चिन्हे आहेत. ‘थांबा’ आणि ‘रस्ता द्या’ ही चिन्हे त्या वर्गात येतात, चौकपूर्व इशारा चिन्हे येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १९८अ नुसार, रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल यांची विहित मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व ओढवल्यास संबंधित यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रकार

• चौरस्ता: दोन रस्ते एकमेकांना छेदतात अशी जागा. मराठीत यालाच चौफुला किंवा चौफुली असेही म्हणतात. पुणे जिल्ह्यातील चौफुला हे गाव याच नावाने ओळखले जाते.
• डावीकडे किंवा उजवीकडे बाजूचा रस्ता: सरळ जाणाऱ्या रस्त्याला एका बाजूने मिळणारा फाटा.
• टी-तिठा: चालक ज्या रस्त्यावर आहे तो पुढे संपतो व त्याला डावीकडे किंवा उजवीकडे वळावे लागते अशी जागा.
• वाय-तिठा: रस्ते तिरकस कोनात मिळतात किंवा दुभंगतात अशी जागा. कोणती भुजा कोणत्या दिशेने मिळते यानुसार या चिन्हाची वेगवेगळी रूपे आहेत.
• विषम चौक: डावीकडचा व उजवीकडचा फाटा समोरासमोर नसून थोड्या अंतराने मिळतात अशी जागा.
• गोल चौक: मध्यभागी वर्तुळाकार बेट असलेला चौक.
• पुढे मुख्य रस्ता: दुय्यम रस्त्यावरून मुख्य रस्त्याकडे येणाऱ्या चालकासाठी.

निवड

चिन्ह निवडताना चौक नकाशावर कसा दिसतो यापेक्षा त्या दिशेने येणाऱ्या चालकाला तो कसा भेटतो हे पाहावे लागते. एकाच तिठ्यावर तिन्ही बाजूंनी वेगवेगळी चिन्हे लागू शकतात. महामार्गाला गावाचा रस्ता डावीकडून मिळत असेल, तर त्या दिशेने जाणाऱ्या चालकासाठी ‘डावीकडे बाजूचा रस्ता’ आणि विरुद्ध दिशेने येणाऱ्यासाठी ‘उजवीकडे बाजूचा रस्ता’ हे चिन्ह योग्य ठरते. गावाकडून येणाऱ्याचा रस्ता तेथे संपतो, म्हणून टी-तिठ्याची आकृती त्याच्याच स्थितीशी जुळते. सरळ जाणाऱ्या महामार्गावर टी-तिठ्याचे चिन्ह लावल्यास पुढे रस्ता संपतो असा चुकीचा अर्थ निघतो.

प्रत्येक चौकाआधी इशारा आवश्यक नसतो. शहरातील रस्त्यांवर थोड्या थोड्या अंतराने चौक येतात आणि चालकालाही ते अपेक्षित असतात. तेथे दर चौकाला फलक लावल्यास फलकांकडे दुर्लक्ष होऊ लागते. चौकाची आकृती असलेला मोठा दिशादर्शक फलक आधीच असल्यास वेगळ्या इशाऱ्याची सामान्यतः गरज उरत नाही. याउलट वळणाच्या किंवा चढाच्या पलीकडे दडलेला फाटा, वेगवान रस्त्याला मिळणारा गावरस्ता आणि ट्रॅक्टर-ट्रॉली व बैलगाड्या रस्ता ओलांडतात अशी जागा यांना प्राधान्य द्यावे लागते. उसाच्या पट्ट्यात पीक उंच वाढल्यावर एरवी स्पष्ट दिसणारा फाटा काही महिने झाकला जातो. त्यामुळे अशा जागेची पाहणी एकाच हंगामात करणे पुरेसे ठरत नाही.

मुख्य रस्त्यावरील इशारा हे काम निम्मेच असते. दुय्यम रस्त्यावर ‘रस्ता द्या’ किंवा, दृश्यता फारच अपुरी असल्यास, ‘थांबा’ हे सक्तीचे चिन्ह आवश्यक ठरते.

अंतर

आयआरसी:६७ च्या पूर्वीच्या आवृत्त्यांत सावधानतेचे चिन्ह धोक्याच्या जागेपासून किती आधी असावे हे रस्त्याच्या वर्गानुसार दिले होते. पहिला आकडा सपाट व उंचसखल प्रदेशासाठी, तर दुसरा डोंगराळ प्रदेशासाठी आहे.

• राष्ट्रीय व राज्य महामार्ग: १२० मीटर, ६० मीटर
• प्रमुख जिल्हा मार्ग: ९० मीटर, ५० मीटर
• इतर जिल्हा मार्ग: ६० मीटर, ४० मीटर
• ग्रामीण रस्ते: ४० मीटर, ३० मीटर

नंतरच्या आवृत्त्यांत अंतर आणि फलकाचा आकार यांची सांगड वाहनांच्या वेगाशी घालण्यात आली. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. १२० मीटर अंतर पार करण्यास त्याला जेमतेम साडेपाच सेकंद लागतात. धोका ओळखून ब्रेक दाबेपर्यंतचा काळ भारतीय मानकांत अडीच सेकंद धरला जातो आणि तेवढ्यात सुमारे ५५ मीटर रस्ता मागे पडतो. याच मानकांत ताशी ८० किलोमीटर वेगासाठी थांबण्याचे सुरक्षित अंतर १२० मीटर, तर ताशी १०० किलोमीटरसाठी १८० मीटर दिले आहे. रस्ता रुंद करून वेग वाढला आणि जुने फलक जागच्या जागी राहिले, तर इशारा उशिरा मिळतो तो यामुळे.

उभारणी

भारतात वाहने डाव्या बाजूने चालत असल्याने चिन्ह रस्त्याच्या डाव्या कडेला लावतात. दुभाजक असलेल्या रुंद रस्त्यावर दुभाजकावरही दुसरे चिन्ह लावता येते. कडेला दगडी वा काँक्रीटची कड नसल्यास फलकाची जवळची बाजू डांबरी भागापासून २ ते ३ मीटर दूर असावी, असा संकेत आहे. कड असल्यास हे अंतर किमान ६० सेंटिमीटर असते आणि फलकाची खालची बाजू कडेपासून किमान २ मीटर उंच ठेवतात. फलक वाहतुकीच्या दिशेशी साधारण काटकोनात असतो. दिव्यांचा झोत परावर्तित होऊन डोळे दिपत असल्यास तो रस्त्यापासून किंचित बाहेर वळवतात.

फलक बहुधा ॲल्युमिनियमचा असून त्यावर परावर्तक पत्रा चिकटवलेला असतो. खांब काँक्रीटमध्ये पक्का बसवून त्यावर २५ सेंटिमीटर रुंदीचे काळे-पांढरे पट्टे रंगवण्याची पद्धत आहे. जमिनीलगतचा पट्टा काळा असतो. फलकाची मागील बाजू करड्या रंगाची ठेवतात.

देखभाल आणि मर्यादा

पावसाळ्यात वाढलेल्या फांद्या, चिकटवलेली भित्तिपत्रके, धूळ, धडकेने वाकलेले खांब आणि धातूसाठी होणारी चोरी यांमुळे चिन्हे निरुपयोगी होतात. परावर्तक पत्र्याची चमक कालांतराने कमी होते. हा दोष दिवसा लक्षात येत नाही, त्यामुळे रात्री वाहनाच्या दिव्यांत केलेली तपासणी महत्त्वाची मानली जाते. चौकाची रचना बदलल्यास जुने चिन्ह काढणेही तितकेच आवश्यक असते.

इशारा चिन्ह सदोष चौकाची उणीव भरून काढू शकत नाही. चौकाच्या कोपऱ्यांवरील झाडी व अतिक्रमणे हटवून दृश्यता वाढवणे, दुय्यम रस्त्यावर गतिरोधक आणि चौकात दिवे बसवणे किंवा तिरकस फाटा काटकोनात वळवून घेणे या उपायांना त्याची जोड द्यावी लागते. चिन्ह चौकाबद्दल खरी आणि वेळेवर माहिती देत असेल, तरच चालक पुढच्या चिन्हावर विश्वास ठेवतो.